राजपुत्र उत्तर आणि कम्प्युटरची सीट

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल आले, की माझ्यासमोरचा प्रश्न ठरलेला असतो. ‘कम्प्युटरला नंबर लागत नाहीये. एका नव्या कॉलेजात एआय मिळतंय, पण मॅनेजमेंट कोट्यातून. घ्यावं, की वर्षभर ड्रॉप?’ विचारतात वडील. ज्याला शिकायचंय तो शेजारी मोबाइल चाळत असतो. हल्ली सोबत गीताही येते. ‘आम्ही त्याला सांगतो, फळाची चिंता करू नकोस, कर्म कर.’ फळाची चिंता आईवडिलांनी आधीच करून ठेवलेली असते, पॅकेजच्या आकड्यासकट.

नेहमीची उत्तरं भराभर देतो. ब्रँचच्या नावाआधी कॉलेजातले शिक्षक आणि प्रयोगशाळा बघून या. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल मेलेलं नाही. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हे तुम्हाला ठाऊक असतं, फक्त सोसायटीत सांगायला जड जातं.

ग्रंथच काढायचा, तर विराटपर्व काढा. नोकरीबद्दल इतकं रोखठोक दुसरीकडे क्वचितच सापडेल. बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव अज्ञातवासासाठी मत्स्यदेशात, विराट राजाकडे येतात. शस्त्रं शमीच्या झाडावर, खरं नाव सांगायची सोय नाही, आणि पाच राजपुत्रांना नोकरी मागायची आहे. भीम बल्लव होऊन मुदपाकखाना धरतो. नकुल घोड्यांची खोड, चाल आणि दुखणी आपल्याला कळतात असं सांगून तबेला मिळवतो, तर सहदेव गाईगुरांची मोजदाद आणि निगा. ‘आधी कुठं होतास?’ याला उत्तर एकच, युधिष्ठिराच्या पदरी. अनुभवाचा दाखला, आणि तसा खोटाही नाही! अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नाचगाणं शिकवतो. अस्त्रं मिळवायला इंद्राकडे गेला असताना चित्रसेन गंधर्वाकडून तो ही विद्या शिकला होता. ‘याचा स्कोप काय?’ असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं हे नशीब. विराटानं परीक्षा घेतली आणि मगच ठेवून घेतलं.

मग कौरव गुरं पळवतात. विराट दुसऱ्या आघाडीवर गेलेला, घरी राजपुत्र उत्तर. चांगला सारथी असता तर एकट्यानं सगळ्यांना लोळवलं असतं, अशी बढाई तो अंतःपुरात मारतो. ‘कम्प्युटर मिळालं असतं ना, तर...’ हे मी रोज याच सुरात ऐकतो. सैरंध्री म्हणून राहिलेली द्रौपदी सांगते, सारथी आहे की, ही बृहन्नडा. सारथी मिळतो, रथ निघतो, समोर सैन्य दिसतं आणि उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो.

पहिल्या नोकरीला लागणाऱ्या मुलांना मी हाच प्रसंग सांगतो. डेव्हलपमेंट हवं होतं आणि सपोर्टला टाकलं, पुण्यात राहायचं होतं आणि दूरच्या प्लांटवर पाठवलं, की तीन महिन्यांत राजीनामा तयार. बृहन्नडेला संधी आली ती लगाम धरायची, धनुष्याची नव्हे. तीही आली कारण ती काय करू शकते हे ठाऊक असलेलं माणूस त्याच वाड्यात होतं. तुम्हाला काय येतं हे तुमच्या ऑफिसात कुणाला माहीत आहे? मात्र याचा अर्थ निमूट खपत राहा असा काढू नका. अज्ञातवासाला एक वर्षाची मुदत होती. नको ते काम स्वीकारताना तुम्हीही मुदत ठरवा, आणि तेवढ्यात काय शिकून बाहेर पडायचं तेही.

आता नकुल-सहदेवांचं खातं, म्हणजे पशुवैद्यक. इथं माझा पक्षपात आहे, असू दे. नीटमध्ये एमबीबीएस हुकलं की लोक थेट पुढच्या वर्षाच्या क्लासची फी भरतात. त्याच नीटच्या गुणांवर बी.व्ही.एस्सी.ला प्रवेश मिळतो. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथं महाविद्यालयं आहेत. त्यातलं मुंबईचं तर १८८६ सालचं. पुढे लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी होता येतं, दूध संघ आहेत, कुक्कुटपालन आहे, शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आहेत. आडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू सरळ करायचं, हे कामाचं खरं रूप आहे. ज्याला ते झेपेल त्यानं यावं. ‘गुरांचा डॉक्टर? स्थळं कशी येणार?’ असं विचारणाऱ्या आयांशी मी वाद घालत नाही, मुलीला शेजारच्या दवाखान्यात आठवडाभर बसून यायला सांगतो.

राहता राहिली गीता. तुमचं वाचन दुसऱ्या अध्यायातल्या त्या एका श्लोकावर थांबतं. अर्जुन मात्र पुढेही शंका विचारत राहतो, कृष्ण उत्तरं देत राहतो, आणि अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर, यावर नीट विचार करून तुझा निर्णय तू घे असं म्हणतो. प्रत्यक्ष भगवंतानं एवढी मोकळीक दिली आणि तुम्ही सतरा वर्षांच्या मुलाचा कॅप फेरीचा पसंतीक्रम स्वतः भरता! लॉगिनचा पासवर्ड तुमच्या मोबाइलवर असेल तर आज त्याला देऊन टाका. फॉर्म लॉक करण्याआधी तो काही विचारायला आलाच, तर तेवढंच सांगा.