बेड रिकामा असला की

सासूबाईंना जुलाब-उलट्यांमुळे दोनदा रात्री कॅज्युअल्टीत न्यावं लागलं. दोन्ही वेळा पुण्यातलं एकच हॉस्पिटल. पहिल्यांदा ऐन डेंग्यूचे दिवस, पॅसेजमध्येही स्ट्रेचर लागलेले. ड्युटीवरच्या डॉक्टरने खुर्चीतच सलाईन लावलं, बीपी-शुगर पाहिली, लघवी झाल्याची खात्री केली आणि पहाटे ओआरएस देऊन घरी पाठवलं. त्या बऱ्या झाल्या. दुसरी वेळ दिवाळीतली. लोकांनी ऑपरेशनं पुढे ढकललेली, वॉर्ड अर्धा रिकामा. त्रास तोच, बीपीही तसंच. पण या वेळी तपासून होताच ‘वय झालंय, ठेवून घेऊ’ म्हणाले. डिस्चार्ज भाऊबीजेनंतर मिळाला.

डॉक्टर लबाड होते असं मला वाटत नाही. म्हातारं माणूस घरी पाठवायचं तर जोखीम डॉक्टरच्या डोक्यावर, आणि वरती खाट मोकळी. कोणीही ठेवूनच घेईल. अमेरिकी संशोधक मिल्टन रोमर यांनी हे १९६१मध्येच दाखवलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका भागात हॉस्पिटलचे बेड वाढले, आणि भरती होणारेही वाढले. पुढे जॉन वेनबर्ग या संशोधकाने बॉस्टन आणि न्यू हेवन ही अमेरिकी शहरं ताडून पाहिली. बॉस्टनमध्ये माणशी बेड जास्त, भरतीही जास्त. मृत्यूचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच. हार्ट अटॅक किंवा खुब्याचं हाड मोडणं यांत फरक नव्हता, कारण तिथे भरती करावीच लागते. फरक होता न्यूमोनिया, पाठदुखी, जुलाब अशा ‘ठेवावं की पाठवावं’ वाल्या आजारांत.

म्हणून छातीत कळ, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं असेल तर वाद घालू नका, १०८ला फोन करा. बाकी वेळी मी आता सरळ विचारते: ‘वॉर्डात असं काय होणार आहे, जे इथे चार तास थांबून होणार नाही?’ बहुतेक डॉक्टर चिडत नाहीत. ठोस उत्तर मिळालं तर निमूट सही करावी. आणखी एक गोष्ट: मेडिक्लेमसाठी साधारणपणे चोवीस तास भरती लागते, त्यामुळे ‘ठेवाच’ असा आग्रह कित्येकदा आपणच धरतो. पण हॉस्पिटलात नवा संसर्ग लागू शकतो, म्हातारी माणसं रात्री अनोळखी जागी भांबावतात. सासूबाई वॉर्डात बाथरूम शोधत जिन्यापर्यंत गेल्या होत्या.

उलट बाजूही तितकीच खरी. हॉस्पिटल भरलेलं असेल तेव्हा ठेवून घ्यायला हवा असा पेशंटही घरी जाऊ शकतो. ‘बेड नाही’ म्हणजे उपचार नाहीत असं नव्हे; जीव वाचवणारे उपचार नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये सरकारी-खासगी दोन्हींना सांगितलंय. घरी पाठवत असतील तर कशासाठी परत यायचं ते कागदावर मागा. आमच्या पहिल्या चिठ्ठीवर तेवढं नीट लिहिलं होतं: लघवी थांबली, गुंगी आली किंवा शौचातून रक्त गेलं तर ताबडतोब या, बेड असो वा नसो.