प्राणिसंग्रहालयातील निसर्ग कोणासाठी?

ठाणे, डोंबिवली, कल्याणकडील शाळांची सहल म्हटली की भायखळ्याची राणीची बाग ठरलेलीच. १८६२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेचे आजचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. अलीकडे तेथे अनेक ठिकाणी गज जाऊन काचा आल्या, झाडी व कृत्रिम खडक आले. हे सारे 'नैसर्गिक' आहे, असे आपण सहज म्हणून जातो. पण नैसर्गिक कोणाच्या दृष्टीने?

गजांऐवजी खंदक ही कल्पना कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ प्रत्यक्षात आणली. प्राण्याची उडी किती लांब पडते हे पाहून खंदकाची रुंदी ठरली. प्रेक्षकांना सिंह मोकळा दिसू लागला. सिंहाला मात्र तो खंदक म्हणजे भिंतच! सिमेंटचा खडकही आपल्या डोळ्यांना खडक वाटतो. अस्वलाच्या नखांना तो उकरता येत नाही.

प्राण्याच्या बाजूने विचार मांडला तो स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी. त्यांच्या मते जागा किती, यापेक्षा ती कशी, हे महत्त्वाचे. माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की वन्य प्राणी पळतो. पळायला वाट नाही आणि आडोसाही नाही, तर तो सदैव भेदरलेला राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत बसून परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

राणीच्या बागेतील पेंग्विनचेच पाहा. जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले; त्यांतील एक त्याच वर्षी ऑक्टोबरात दगावला. पेंग्विन म्हटला की आपल्याला बर्फ आठवतो. हा पक्षी तर पेरू-चिलीच्या रखरखीत किनाऱ्यावरचा! तेथे समुद्राचे पाणी थंड असते, पण जमिनीवर बर्फ नसतो. अंडी घालायला त्याला बीळ किंवा कपार लागते. तेव्हा मुंबईच्या उकाड्यात गारवा हवाच. परंतु त्याच्या घराची रचना करणाऱ्याने पांढऱ्या रंगाआधी पोहण्याजोगे पाणी आणि कपार यांचा विचार करावा.

अडचण आपलीच आहे. प्राणी दिसला नाही की 'पैसे फुकट गेले' म्हणून आपण काचेवर टकटक करतो. माझ्या मते काच एकाच बाजूला असावी, उरलेल्या बाजू दाट झाडीने झाकाव्यात. आत सावली, पाणी आणि पाठ टेकायला एखादी गुहा असावी. खाणेही कधी लपवून ठेवावे, म्हणजे प्राण्याला ते शोधण्याचा उद्योग मिळेल. मग वाघ कदाचित तासभर दिसणार नाही. तिकीट काढून आलेल्याने तेवढे थांबावे.