हातास काम शिकवावें, तें कसें?

शाळा सोडून घरीं बसलेला मुलगा आमच्या गांवांत नाहीं, असें म्हणणारा वाचक विरळा. कोणी दहावींत नापास झालेला, कोणी पितृछत्रास मुकलेला, कोणी आईबापांबरोबर उसाच्या फडावर फिरतां फिरतां शाळेस पारखा झालेला. असा मुलगा पारावर बसूं लागला म्हणजे लोक त्यास उनाड म्हणतात. परंतु त्याच्या हातास कोणतें काम शिकवितां येईल, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. आजच्या पाठांत त्याचाच विचार करूं.

प्रथम एक जुना दाखला घेऊं. इंग्लंडांत पोर्टस्मथ बंदरीं जॉन पाउंड्स (१७६६–१८३९) नांवाचा एक चांभार होऊन गेला. जहाजें बांधण्याचें काम शिकत असतां सुमारें पंधराव्या वर्षीं तो कोरड्या गोदींत पडला व जन्माचा अपंग झाला. पुढें जोडे शिवतां शिवतां त्यानें आपल्या लहानशा दुकानांत रस्त्यावरचीं गरीब मुलें जमविलीं. त्यांस तो फुकट वाचन व हिशेब शिकवी, आणि त्याबरोबरच स्वयंपाक, सुतारकाम व जोडे दुरुस्त करणें हेंही शिकवी. मुलें आपण होऊन येत नसत, म्हणून भाजलेला बटाटा दाखवून तो त्यांस बोलावी. यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. अक्षर व कसब हीं एकत्र शिकविलीं पाहिजेत. आणि मुलाची वाट न पाहतां त्यास शोधावयास निघालें पाहिजे.

आतां आपल्याकडील मार्ग पाहूं. आपल्या देशांत १९५० सालीं शिल्पकार प्रशिक्षण योजना सुरू झाली; औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ज्यांस लोक आयटीआय म्हणतात, त्या याच योजनेखालीं चालतात. तेथें जोडारी व वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असून त्यांस दहावी उत्तीर्ण व्हावें लागतें. संधाता, म्हणजे वेल्डर, व सुतारकाम हे एका वर्षाचे असून त्यांस आठवी पुरते. म्हणून दहावींत अडलेल्या मुलास "तुझें सर्व संपलें" असें कोणीं म्हणूं नये. मुलींसही तेथें प्रवेश आहे.

दुसरा मार्ग उमेदवारीचा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें चौदा वर्षांवरील मुलास, आणि धोक्याच्या कामांत अठरा वर्षांवरील तरुणास, कारखान्यांत काम शिकतां येतें. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर असे उमेदवार घेण्याचें बंधन आहे. उमेदवारास विद्यावेतन मिळतें, व मालक आणि उमेदवार यांजमध्यें लेखी करार होतो. जेथें करार नाहीं, शिकविणारा कोणी नाहीं, आणि वर्षभर केवळ झाडलोट व ओझीं वाहणें आहे, तेथें ती उमेदवारी नव्हे, फुकटची चाकरी होय. उमेदवारी संपल्यावर त्याच कारखान्यांत नोकरी मिळेलच अशी हमी नसते, हेंही आधींच सांगावें. खोटी आशा दाखविल्यास मुलगा दुसऱ्यांदा फसतो व मग कोणाचेंच ऐकत नाहीं.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. उचल फिटावी म्हणून मुलाचाही हात लागतो. मुलीस एकटी मागें ठेवण्याचें भय वाटतें, म्हणून तिचें लग्न लौकर उरकतात. अशा बापास "मुलास दोन वर्षें शिकूं द्या" असें सांगणें सोपें, पण तीं दोन वर्षें मुलानें खावें काय व राहावें कोठें, हें त्यास कोण सांगणार? उपदेश तेथेंच थिटा पडतो. म्हणून सल्ला देणाऱ्यानें आधीं घरचा हिशेब ऐकावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांकरितां शासनानें वसतिगृहें काढलीं आहेत, त्यांची चौकशी करावी. दोन वर्षें निभत नसतील तर एका वर्षाचा अभ्यासक्रम किंवा विद्यावेतनाची उमेदवारी सुचवावी. आणि हें सर्व टोळी निघण्यापूर्वीं, निकाल लागतांच करावें. बैलगाडी गांवाबाहेर पडल्यावर दिलेला सल्ला कोणाच्या कामाचा?

शेवटीं तीन प्रश्न देतों. ते मंडळीच्या बैठकींत वाचून त्यांवर बोलावें.

१. आपल्या गांवांत शाळा सोडलेलीं मुलें व मुली किती व कोण? त्यांच्या घरीं कोण जाईल?

२. सुतार, गवंडी, वीजतंत्री यांपैकीं कोण आपल्या हाताखालीं एकास प्रामाणिकपणें शिकवील?

३. प्रवेशाचा अर्ज, दाखले व पहिल्या महिन्याचा खर्च यांची सोय कोण पाहील?

या तीन प्रश्नांपुढें जर तीन नांवें लिहिलीं गेलीं, तर हा पाठ पुरा झाला असें आम्ही समजूं.