चर्चाटिपण आणि त्याचा आधार

परिचर्या व आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना एखाद्या रुग्णप्रश्नावर छोटे चर्चाटिपण लिहावे लागते. मत मांडावे, त्यास प्रमाणित आधार द्यावा व सहाध्यायांच्या टिपणांना साधार उत्तर द्यावे, अशी अपेक्षा असते. हिशेबाच्या वहीत पावतीवाचून नोंद होत नाही; तोच नियम येथेही लागू आहे. तो मोडल्यास काय घडते, याचे एक उदाहरण आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे आप्त यांच्यापुढे ठेवीत आहोत.

जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या केवळ चौघांत व्यसन जडल्याची पुरेशी नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्यांविषयी त्यात काहीही नव्हते. तथापि २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या मोजणीनुसार हे पत्र ६०८ वेळा उद्धृत झाले होते. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखनांत ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून त्याचा वापर झाला, ८०.८ टक्के लेखनांत ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. दरम्यानच्या काळात अमेरिकेत या औषधांचा वापर व त्यांपायी होणारे मृत्यू फार वाढले. त्याची कारणे अनेक असली, तरी मूळ न वाचता दिलेले संदर्भही त्यास साहाय्यभूत ठरले.

यावरून विद्यार्थ्यांनी पुढील क्रम पाळावा, असे आम्हांस वाटते.

१. प्रश्न नेमका करावा : कोणता रुग्ण, कोणता उपचार, कोणता परिणाम.

२. दुसऱ्याने दिलेला संदर्भ उचलू नये. मूळ लेख संपूर्ण वाचावा.

३. आधाराचा प्रकार ओळखावा. संपादकास लिहिलेले पत्र व अनेक चाचण्यांचा पद्धतशीर आढावा यांचे वजन सारखे नसते.

४. लेख मागे घेतला गेला आहे काय, हे तपासावे. लस व स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा ‘द लॅन्सेट’मधील १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

५. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहून त्याच ठिकाणी संदर्भ द्यावा व त्याची मर्यादाही नमूद करावी.

६. सहाध्यायास उत्तर देताना ‘सहमत आहे’ एवढ्यावर न थांबता नवा आधार अथवा शंका मांडावी.

ही सवय विद्यार्थिदशेतच लागावी लागते. आज टिपण लिहिणारी विद्यार्थिनी उद्या रुग्णाच्या नातलगांना औषधाविषयी माहिती देणार आहे. ती माहिती पडताळून घेण्याचे साधन त्या वेळी त्यांच्यापाशी बहुधा नसते.