“काकू, काही होत नाही”

हे वाक्य मला कंत्राटदारानं ऐकवलं, त्याच्या गवंड्यानं ऐकवलं, वायरमननंही ऐकवलं. “काकू, काही होत नाही. अख्ख्या गल्लीनं केलंय.” पुढे गेटावर नोटीस चिकटली, तेव्हा तिच्यावर नाव फक्त माझं होतं. यातल्या एकाचंही नव्हतं.

आमचं घर पुण्यात सहकारनगरला. गाडी विकल्यापासून खालचं पार्किंग रिकामंच होतं. तिथे एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढून भाड्यानं द्यायचं ठरवलं. पार्किंगच्या मागे आणखी दोन खोल्या आहेत, त्या तेव्हा अडगळीनं भरलेल्या होत्या. पहिल्याच दिवशी मी कंत्राटदाराला त्या दाखवून विचारलं होतं, “इथेच का नको?” तो म्हणाला, “छोटं काम आहे, तुम्हाला परवडणार नाही.” परवडणार कोणाला नव्हतं, ते मला आता कळतं. पार्किंगच्या कामाचे त्यानं सहा लाख चाळीस हजार घेतले. “परवानगी?” असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच, काही होत नाही.

भाडेकरू मिळाला तोही शिकलेला, चांगल्या नोकरीतला मुलगा. भाडं चौदा हजार, अनामत साठ हजार. करार अकरा महिन्यांचा, स्टँप पेपरवर, नोटरीच्या शिक्क्याचा. नोंदणीचं मी विचारलं, तर एजंट म्हणाला, “अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही.” त्याच्यावर विश्वास ठेवला.

सात महिने भाडं एक तारखेला यायचं. आठव्या महिन्यात पगार अडकला म्हणून थांबलं, ते थांबलंच. अकरा महिने संपले त्या रविवारी मी त्याला वर बोलावलं. चहा केला. तो झोपाळ्यावर बसला, बिस्कीट बुडवून खाल्लं आणि आवाज जराही न चढवता म्हणाला, “काकू, तुमच्या मंजूर नकाशात ही खोली नाहीच. करार नोंदवलेला नाही. तुम्ही माझ्याविरुद्ध जाणार तरी कुठे?” मग कप स्वतःच आत नेऊन ठेवला. त्याचं तेवढं सौजन्य मला आजही शिवीसारखं आठवतं. त्यानं हे सगळं आधीच शोधून ठेवलं होतं आणि चार महिने जिन्यात भेटला की “कशा आहात काकू” म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले. त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ माझ्यापुढे ठेवला. त्याचं कलम ५५ सांगतं की घर भाड्यानं द्या नाहीतर लीव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींवरून वाद झाला, तर वेगळं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल ते खरं. मी गप्पच झाले. नोंदवलेला करार असता, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं आणि तो जितके दिवस अडून बसला तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्क मागता आलं असतं. आमच्या रकमेवर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं चारशेच्या आसपास आणि शहरातली नोंदणी फी एक हजार. चौदाशे रुपयांत हे सगळं टळलं असतं. एजंटानं एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं होतं, पण एवढं सांगितलं नाही.

खोली सोडण्याबद्दल मी भाडेकरूला पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं महापालिकेकडे तक्रार केली. एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस आली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यानं नियमाप्रमाणेच केलं. शेवटी चार महिन्यांचं भाडं सोडून, अनामत पुरी परत करून त्या मुलाला बाहेर काढलं.

मग परवानाधारक आर्किटेक्ट बोलावला. हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. तो आला, खिशातून टेप काढला, छतापासून फरशीपर्यंत सोडला आणि म्हणाला, “काकू, हे नियमित होणारच नाही.” राहायच्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची लागते. पार्किंगला २.४ पुरते, आणि आमचं तेवढंच होतं. त्यात कंत्राटदारानं भराव घालून फरशी उचललेली, वरून पीओपीचं छत केलेलं. एफएसआय शिल्लक असता तरी स्लॅब काही वर सरकणार नव्हता. एक टेप आणि दोन मिनिटं! पंचवीस वर्षं बांधकामं करणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. पाडायचे सत्तर हजार वेगळे गेले. कंत्राटदारानं फोन उचलणं बंद केलं होतं.

आता मागच्या त्या दोन खोल्याच भाड्यानं दिल्यात. त्या मंजूर नकाशात आहेत, उंची पुरेशी आहे. ओटा आणि वेगळं दार यांसाठी आर्किटेक्टनं सुधारित नकाशा मंजूर करून घेतला. दार साइड मार्जिनमध्ये उघडतं, म्हणून तिथे पायरी, पत्रा, संडास काहीही बांधू दिलं नाही. कागदावर सामासिक अंतर म्हणतात ते हेच, आणि तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात.

तुम्ही असं काही करणार असाल तर मंजूर नकाशा आणि कम्प्लिशनचा दाखला आधी हातात घ्या. नसेल तर प्रत मागवा. सोसायटीचा प्लॉट असेल तर तिचं पत्र घ्या. वीजमीटर वेगळा घ्या. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं ठेवली की युनिटांची बेरीज होते, शंभराची, तीनशेची पायरी ओलांडली जाते आणि वरचा दर लागतो. मग कोणी किती द्यायचे यावर दर महिन्याला तोंड वाजवावं लागतं. पुण्यात स्वतः राहणाऱ्या मालकाला घरपट्टीत ४० टक्के सवलत असते. भाड्याच्या भागाला ती धरू नका, भाडं ठरवतानाच हिशेबात घ्या. भाड्याचं उत्पन्न प्राप्तिकरात दाखवा. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. आणि माणूस पारखून घ्या, एवढंच म्हणेन. मीही पारखलाच होता.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत तोच कंत्राटदार दिसला. एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये विटा रचून ठेवलेल्या. घरी येऊन आमचा टेप घेतला आणि तिथल्या बाईंना बाहेर बोलावलं. त्याच्यासमोरच छताला टेप लावायला लावला. २.४१ भरलं. तो म्हणाला, “काकू, तुम्ही उगाच...” बाईंनी त्याला थांबवून मला आत बसायला बोलावलं. काम सध्या बंद आहे.