विजेत्यांबरोबर आलेली श्रद्धा



आपल्या कोपर स्थानकाच्या वरच्या फलाटावरून जी गाडी वसईला जाते, ती वसई पोर्तुगीजांच्या हाती आली २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने. गुजरातच्या बहादूरशहाला हुमायूनची धास्ती होती, म्हणून त्याने वसई आणि आसपासची बेटे देऊन टाकली. इथल्या रयतेला कोणी विचारले नाही. नवे राज्य आले आणि त्याच्याबरोबर नवा धर्मही आला. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात बाप्तिस्मा त्याच काळात आला.

याच्या तेरा वर्षे आधी, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, मेक्सिकोतील अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोचतित्लान स्पॅनिश सेनानी कोर्तेसने जिंकली. अ‍ॅझटेकांची समजूत अशी की, सूर्य रोज अंधाराशी लढतो आणि त्याला बळ मिळावे म्हणून माणसाचे रक्त अर्पण करावे लागते. नरबळीचे समर्थन होऊच शकत नाही. पण तो त्यांच्या लेखी निव्वळ क्रूरपणा नव्हता. जग बुडू नये म्हणून दिलेली ती किंमत होती. त्यांच्या महामंदिरावर दोन देवळे होती, एक युद्धदेव हुइत्सिलोपोच्त्लीचे आणि दुसरे पर्जन्यदेव त्लालोकचे.

राजा मोक्तेसुमाने कोर्तेसला परत आलेला देव मानले, असे आपण शाळेत ऐकले. ही कथा पराभवानंतर लिहिली गेली आणि आज बहुतेक अभ्यासक तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. खरे कारण अधिक साधे आहे. अ‍ॅझटेकांच्या जाचाला कंटाळलेले त्लाश्कालाचे हजारो योद्धे कोर्तेसच्या बाजूने लढले, आणि देवीच्या साथीने राजधानी पोखरली. घरची भांडणे परक्याला दार उघडून देतात. वसईतही दुसरे काय झाले?

तेथील महामंदिर पाडले गेले आणि त्याचे दगड नव्या बांधकामांना लागले. आपल्याकडे बोरिवलीचे मंडपेश्वर पाहावे. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आन्तोनियो द पोर्तो यांच्या काळात त्या शैव लेण्याचे चर्च झाले. तेथे आजही नटराज दिसतो आणि कोरून काढलेला क्रूसही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात त्या आजही आहेत. जिंकणारा हरलेल्याच्या पूजेच्या वस्तू नेतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

ख्रिस्तसभा त्या वेळी अगदीच गप्प नव्हती. पोप पौल तिसरे यांनी १५३७ मध्ये जाहीर केले की, अमेरिकेतील लोक खरी माणसे आहेत आणि त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेऊ नये. वसाहतींत ते किती पाळले गेले, हे इतिहास सांगतोच. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल देवाकडे क्षमा मागितली.

आपल्या ठाण्यात तर सैन्याशिवायही सुवार्ता आली होती. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन तेथे मारले गेले. तोलेंतिनोचे थॉमस हे त्यांच्यातले एक. पोर्तुगीज यायला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे होती.

आणि हरलेल्यांचे काय उरले? तेपेयाकच्या टेकडीवर आधी तोनान्त्सिन, म्हणजे ‘आपली आई’, या देवीचे स्थान होते. ग्वादालुपेच्या मातेच्या दर्शनाला येणारे लोक तिलाही तोनान्त्सिनच म्हणतात, अशी तक्रार सहागून या धर्मगुरूंनी १५७६ मध्ये नोंदवली. त्यांना ती धोक्याची वाटली, आम्हांला मात्र ती लोकांच्या जिवंतपणाची खूण वाटते. आपल्या ईस्ट इंडियन घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून उंबराचे पाणी आणतात. ऑक्टोबरात आगेऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या वेदीपाशी येतात. धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात, आणि मग त्या घरोघरी जातात.