स्वभावाची चाचणी : किती मानावी, कशी वापरावी?



आपल्या सभासदांची बरीच मुलं-मुली आता कंपन्यांत नोकरीला आहेत. तिथे प्रशिक्षणात, कधी मुलाखतीच्या वेळीही, स्वभावाची एक प्रश्नावली भरून घेतात. 'चार माणसांत बसणे आवडते की एकट्याने काम करणे?' असे त्यात प्रश्न असतात. शेवटी चार अक्षरे हाती देतात व 'हा तुमचा प्रकार' असे सांगतात. ही काय भानगड आहे, असे बऱ्याच जणांनी गट ऑफिसात विचारले. म्हणून हा लेख.

चाचणी आली कुठून?

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यावरून अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली तयार केली. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. कोणाला कोणते काम मानवेल हे कळावे, हा त्यांचा हेतू होता. तिलाच मायर्स-ब्रिग्ज चाचणी म्हणतात. तिच्यात चार जोड्या आहेत :

१) मन माणसांत रमते की एकांतात?
२) समोरची वस्तुस्थिती आधी दिसते की पुढची शक्यता?
३) निर्णय तर्काने घेता की माणसांचे मन बघून?
४) काम आधी आखून करता की वेळ येईल तसे?

प्रत्येक जोडीतील एक बाजू धरली की एकूण १६ प्रकार होतात.

चाचणीचीच चाचणी

आपण माती परीक्षण करतो. एकाच नमुन्याचे दोन भाग करून महिन्याच्या अंतराने पाठवले आणि एकदा जमीन चोपण, दुसऱ्यांदा आम्लधर्मी आली, तर त्या अहवालावर आपण खत टाकू का? या चाचणीचे काहीसे तसेच आहे. पाच आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तेव्हा काही अभ्यासांत निम्म्यापर्यंत लोकांचा प्रकार बदललेला निघाला.

याचे कारण समजायला सोपे आहे. समजा ब्रिक्स १८ वर रेघ मारली, १७.९ तो कच्चा ऊस, १८.१ तो पक्का. प्रत्यक्षात दोन्ही ऊस सारखेच. माणसांचेही तसे आहे. बहुतेक जण मधे असतात. थोडे बोलके, थोडे अबोल. मधोमध रेघ ओढून त्यांना दोन टोकांना बसवले की एखाद्या उत्तराच्या फरकाने माणूस इकडचा तिकडे होतो. शिवाय ८६०३२ चे बेणे लावले तर ८६०३२ च उगवते. माणसाला असा पक्का वाण नसतो. अनुभवाने, जबाबदारीने तो बदलतो.

'पण माझे वर्णन तर तंतोतंत जुळले!' असे पुष्कळ जण म्हणतात. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली व प्रत्येकाला 'तुझे वर्णन' म्हणून कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बराचसा भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता!

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनेही सांगितले, की व्यवसाय मार्गदर्शनासाठी ही चाचणी वापरावी इतका पुरावा नाही. नोकरीसाठी माणूस निवडताना ती वापरू नये, असे तर तिचे पुरस्कर्तेही सांगतात. आज संशोधक स्वभावाचे पाच गुण कमी-जास्त प्रमाणात मोजतात : नव्याची ओढ, काटेकोरपणा, बोलकेपणा, मिळतेजुळतेपणा आणि चिंतेकडे कल. त्यांपैकी काटेकोरपणाचा चांगल्या कामाशी संबंध निरनिराळ्या व्यवसायांत दिसून आला आहे. तोही थोडाफारच, त्यावरून कोणाचे भविष्य सांगता येत नाही.

मग उपयोग काय?

व्यक्ती तितक्या प्रकृती, हे आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक आहे. चाचणीच्या निमित्ताने त्यावर मोकळेपणी बोलणे होते, हाच तिचा खरा फायदा. त्यासाठी चाचणी लागतेच असे नाही. शेतकी खाते, सोसायटी, पाणी वापर संस्था, कुठेही पुढील गोष्टी करून पाहाव्यात :

• बैठकीचा विषय दोन दिवस आधी लेखी द्यावा. अबोल माणूस विचार करून येतो व बोलतो. नाहीतर चार मोठे आवाज ठराव करून मोकळे होतात.
• कोणाला निरोप कसा हवा ते विचारून घ्यावे. एखाद्याला लागण नोंद, तोडणीची तारीख कागदावर लागते. दुसऱ्याला बांधावर येऊन सांगितल्याशिवाय पटत नाही.
• सांगितलेले काम समोरच्याकडून एकदा वदवून घ्यावे. चिटबॉय, मुकादम व शेतकरी यांच्यातील निम्मे गैरसमज तिथेच मिटतील.
• दोष काढायचा तर कामाचा काढावा. 'स्लीप उशिरा दिली' म्हणावे, 'तू आहेसच आळशी' म्हणू नये.

एक धोका

स्वभावाच्या नावाखाली खरी तक्रार दाबली जाऊ नये, हे आम्हा कर्मचाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. तोड लांबली, उसाला तुरा आला, वजन घटले म्हणून सभासद चढ्या आवाजात बोलला, तर 'माणूस तापट आहे' असे म्हणून विषय संपवता येणार नाही. आधी पाळीपत्रक उघडावे, लागणीची तारीख बघावी. कारण तिथे सापडले, तर दुरुस्ती आपल्या कामाची करायची आहे, त्याच्या स्वभावाची नव्हे.

पालकांनाही एक सांगणे. मुलाने प्रश्नावली भरताना खरे तेच लिहावे, आणि निकाल कशासाठी वापरणार हे विचारून घ्यावे. पण 'हा अबोल प्रकारचा आहे, याला विक्रीचे काम जमणार नाही' असे कोणी चार अक्षरांवरून म्हणाले, तर ते मनावर घेऊ नये. आणि घरातही मुलांना असली चिठ्ठी चिकटवू नये. ती लावायला क्षण पुरतो, काढायला वर्षे जातात. मुलाला काम करून पाहू द्यावे. एक हंगाम गेला की काय जमते ते त्याचे त्यालाच कळते.